शुक्रावरच्या २३ मिनिटांची पार्श्वभूमी

दुसऱ्या ग्रहाच्या पृष्ठभागावरून पृथ्वीवर आलेलं पहिलं मोजमाप म्हणजे तापमानाचा एकच आकडा: ४७५ अंश सेल्सिअस, वीसेक अंश इकडेतिकडे. सोव्हिएत संघाच्या व्हेनेरा ७ या यानाने तो १५ डिसेंबर १९७० रोजी शुक्रावरून पाठवला. तिथवर पोहोचायला जवळजवळ दहा वर्षं लागली, आणि मुख्य अडचण अंतराची नव्हती. खाली किती दाब सोसावा लागेल हेच कोणाला ठाऊक नव्हतं.

व्हेनेरा १ (फेब्रुवारी १९६१) आठवडाभरातच अबोल झालं. डिसेंबर १९६२ मध्ये अमेरिकेचं मरिनर २ शुक्राजवळून सुमारे ३५,००० किलोमीटरवरून गेलं आणि ग्रह तापलेला असल्याला दुजोरा मिळाला. व्हेनेरा ३ मार्च १९६६ मध्ये शुक्रावर आदळलं. परग्रहाला स्पर्श करणारी ती पहिली मानवनिर्मित वस्तू, पण संपर्क आधीच तुटल्याने हाती काही लागलं नाही.

याच सुमारास सोव्हिएत यानांचं काम लाव्होच्किन या यानं बांधणाऱ्या संस्थेत मुख्य रचनाकार गिओर्गी बाबाकिन यांच्याकडे आलं. त्यांच्या व्हेनेरा ४ ची कुपी, म्हणजे ग्रहावर उतरणारा यानाचा भाग, सुमारे १० वातावरण दाबासाठी (पृथ्वीवर समुद्रसपाटीला हवेचा असतो त्याच्या दहापट) घडवली होती. शुक्रावर पाणी असण्याची शक्यताही सोडली नव्हती: कुपी तरंगू शकेल अशी होती आणि तिच्यात साखरेची कडी बसवली होती. पाण्यात साखर विरघळली की अँटेना मोकळा होणार! साखर विरघळायची वेळ आली नाही. १८ ऑक्टोबर १९६७ रोजी पॅराशूटखाली ९३ मिनिटं उतरत असताना दाब २० वातावरणांच्या आसपास गेला आणि संदेश थांबले. हवेत बहुतांश कार्बन डायऑक्साइड निघाला. यान जमिनीवर पोहोचलं असंच आधी जाहीर झालं, कारण उंचीमापकाचा संकेत दोन वेगवेगळ्या उंचींना जुळत होता. दुसऱ्याच दिवशी शेजारून गेलेल्या मरिनर ५ च्या मोजणीशी ताडून पाहिल्यावर हिशेब बसेना. कुपी जमिनीपासून वीस-पंचवीस किलोमीटर वरच संपली होती.

शुक्राकडे निघण्याची सोयीची वेळ साधारण १९ महिन्यांनी येते. जानेवारी १९६९ ची वेळ गाठायची म्हणून नवी रचना न करता जुनीच कुपी २५ वातावरणांपर्यंत मजबूत केली आणि ती लवकर खाली जावी म्हणून पॅराशूट लहान केलं. पुढच्यास ठेच लागली तरी मागच्याला पुरतं शहाणं व्हायला सवडच नव्हती. मे १९६९ मध्ये व्हेनेरा ५ आणि ६ पन्नासेक मिनिटं माहिती देत उतरली आणि १८ किलोमीटरच्या आसपास चिरडली गेली.

मग मात्र दुसरं टोक गाठलं. व्हेनेरा ७ ची कुपी टायटॅनियमची: १८० वातावरण आणि ५४० अंशांसाठी. शुक्राच्या हवेत शिरण्यापूर्वी मुख्य यानाने तिला उणे ८ अंशांपर्यंत थंड केलं, म्हणजे आतली यंत्रणा तापायला तेवढाच जास्त वेळ. पॅराशूट एका दोरीने अर्धवट आवळलेलं होतं. ही दोरी सुमारे २०० अंशांना वितळून पॅराशूट पूर्ण उघडणार, म्हणजे वर वेगाने आणि खाली सावकाश उतरणं. युक्ती नामी होती, पण पॅराशूट फाटलं. कुपी सेकंदाला सुमारे १७ मीटर वेगाने आदळली आणि संदेश गडप झाला.

नंतर रेडिओ संदेशांच्या टेप तपासताना नुसत्या वाटणाऱ्या खरखरीत आणखी २३ मिनिटांचा संदेश सापडला, नेहमीच्या एक टक्का ताकदीचा. कुपी बहुधा कुशीवर लवंडली होती, त्यामुळे अँटेना पृथ्वीकडे नव्हता. त्यातच उपकरणं आळीपाळीने जोडणारा स्विच तापमानावरच अडकला होता. दाब थेट मोजलाच गेला नाही. उतरण्याचा वेग आणि तापमान यांवरून तो काढावा लागला. उत्तर आलं सुमारे ९० वातावरण, म्हणजे समुद्रात ९०० मीटर खोल असावा तेवढा.

या एका आकड्याने पुढच्या कुपीचं वजन ठरवलं. व्हेनेरा ८ साठी १८० ऐवजी १०५ वातावरणांची ताकद पुरेशी धरली आणि वाचलेलं वजन उपकरणांना दिलं. त्यातल्या प्रकाशमापकाने जुलै १९७२ मध्ये दाखवलं की तिथे ढगाळ दिवसाइतका उजेड आहे, दिव्याशिवायही फोटो निघेल. ऑक्टोबर १९७५ मध्ये व्हेनेरा ९ ने तो काढला. दोन कॅमेऱ्यांपैकी एकाचं झाकण मात्र निघालंच नाही.