पाळण्याच्या जुन्या रंगातले शिसे

घरात बाळ येणार असले की माळ्यावरचा जुना पाळणा खाली उतरतो आणि त्याच्यासोबत एखादे लहान कपाट किंवा खणांचे टेबलही बाळाच्या खोलीत येते. नव्या फर्निचरच्या किमती पाहता त्याच वस्तूंना रंगाचे दोन हात देऊन बारशापर्यंत तयार ठेवावे, हा विचार अगदी रास्त आहे. मात्र या कामात सगळ्यांचे लक्ष नव्या रंगाच्या वासाकडे असते आणि वास गेला की धोका टळला, असे सर्रास मानले जाते. वास येतो तो रंगातल्या उडून जाणाऱ्या द्रावकांचा, आणि खोली हवेशीर ठेवली तर काही दिवसांत तो बहुतांशी ओसरतो. खरी काळजी करायला हवी ती खालच्या जुन्या, बिनवासाच्या थराची. त्यात शिसे हा विषारी धातू असू शकतो, म्हणून तो थर पॉलिशपेपरने कोरडा घासून त्याची धूळ उडवणे ही या कामातली सर्वांत घातक पायरी आहे.

पाळण्याच्या कठड्यावरून सुटलेला रंगाचा पोपडा कडेने निरखून पाहिला, तर त्यात अनेकदा तीन-चार थर दिसतात: वर क्रीम, त्याखाली हिरवा, तळाशी गडद पिवळा. हा पिवळा बऱ्याचदा शिशाच्या क्रोमेटचा असे. शिवाय ऑइलपेंट लवकर वाळावा म्हणूनही त्यात शिशाची संयुगे घातली जात. ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन येथील नेत्रतज्ज्ञ लॉकहार्ट गिब्सन यांनी मुलांमधील शिशाच्या विषबाधेचे मूळ घरांच्या रंगवलेल्या कठड्यांत आणि भिंतींत असल्याचे १९०४ मध्येच मांडले होते. आपल्याकडे घरगुती रंगांत दर दहा लाख भागांमागे ९० भागांपेक्षा जास्त शिसे नसावे, हे कायदेशीर बंधन १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. त्याआधी रंगवलेल्या वस्तूच्या थरात शिसे असू शकते, असेच धरून चालावे.

किती शिसे पुरते, याचा एक ढोबळ हिशेब करता येतो. रंगात १ टक्का शिसे असेल, तर १० मिलिग्रॅमच्या इवल्याशा पोपडीत १०० मायक्रोग्रॅम शिसे असते. त्यातले ४० मायक्रोग्रॅम जरी १० किलो वजनाच्या बाळाच्या साधारण ८०० मिलिलिटर रक्तात उतरले, तरी दर डेसिलिटरमागे, म्हणजे १०० मिलिलिटरमागे, ५ मायक्रोग्रॅम होतात. प्रत्यक्षात काही भाग ऊतींत आणि हाडांत जातो. तरीही अमेरिकेत ज्या पातळीपासून मुलाकडे वेगळे लक्ष दिले जाते, ती ३.५ आहे, आणि पूर्णपणे निर्धोक अशी कोणतीही पातळी आजवर सापडलेली नाही.

इतक्या कमी मात्रेत शिसे एवढा घात कसे करते? याचे कारण ते कॅल्शियमची नक्कल करते, हे आहे. दोघांच्याही आयनांवर दोन धन प्रभार असतात आणि आकारातही फार अंतर नाही: कॅल्शियमची त्रिज्या सुमारे १०० पिकोमीटर, तर शिशाची ११९. वाढत्या बाळाला हाडांसाठी कॅल्शियम आणि रक्तासाठी लोह भरपूर लागते, म्हणून त्याचे आतडे ही द्रव्ये उत्सुकतेने शोषून घेते आणि त्यांच्याच वाहक प्रथिनांच्या आधाराने शिसेही आत शिरते. प्रौढ माणूस गिळलेल्या शिशापैकी साधारण १० टक्के शोषतो, तर लहान मूल ५० टक्क्यांपर्यंत. लोहाची कमतरता असेल, तर हे शोषण आणखी वाढते.

मेंदूत हीच नक्कल अधिक महागात पडते. दोन चेतापेशींच्या संधीपाशी संदेश पोहोचला की पेशीच्या पटलातील मार्गिका उघडतात, कॅल्शियम आत येते आणि त्या इशाऱ्यावर पुढच्या पेशीसाठी रासायनिक संदेशवाहक सोडला जातो. शिसे या मार्गिका अडवते, त्यामुळे खरा संदेश क्षीण होतो. आणि आत पोहोचलेले शिसे प्रोटीन कायनेज सी यांसारख्या कॅल्शियमवर चालणाऱ्या प्रथिनांना पिकोमोलर इतक्या अत्यल्प संहतीतही चेतवते, त्यामुळे संदेश नसतानाच संदेशवाहक सुटू लागतो. पहिल्या काही वर्षांत मेंदू चेतापेशींच्या असंख्य जोडण्या तयार करतो आणि त्यांतल्या वापरातल्या राखून बाकीच्या गाळून टाकतो. खरा संदेश कोणता हेच धूसर झाले की ही निवड चुकते. औषधांनी रक्तातले शिसे पुढे कमी करता येते, पण या चुकलेल्या जोडण्या त्याने दुरुस्त होत नाहीत.

हाडांत कॅल्शियमच्या जागी बसलेले शिसे तर अनेक वर्षे, दशकेही टिकते. गरोदरपणात बाळासाठी आईच्या हाडांतून कॅल्शियम निघते तेव्हा तेही बाहेर पडते आणि वारेतून गर्भापर्यंत पोहोचते. म्हणून घासकाम चालू असताना गरोदर स्त्रीने त्या घरात थांबूच नये. दृष्ट लागू नये म्हणून तान्ह्याच्या डोळ्यांत सुरमा घालण्याची प्रथाही इथेच थांबवायला हवी, कारण सुरम्यात पुष्कळदा शिशाचे सल्फाइडच असते.

हे सगळे सांभाळूनही काम स्वस्तात होऊ शकते. जुना रंग घट्ट धरून असेल, तर तो लाकडापर्यंत खरवडण्याची गरज नाही. पृष्ठभाग पाण्याने भिजवून वॉटरपेपरने फक्त खरखरीत करावा आणि त्यावर प्रायमर व पाण्यात मिसळणाऱ्या इनॅमलचे दोन हात द्यावेत. खाली प्लास्टिक अंथरावे, एन-९५ मास्क लावावा, झाडूने झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसावे आणि ब्लोलॅम्पने रंग जाळणे तर पूर्ण टाळावे. बाळाला दात येऊ लागले की ते पाळण्याचा कठडा हमखास चावते, त्यामुळे जुन्या रंगाचा कठडा नव्या थराखाली झाकून भागणार नाही. तो भाग बदलून तिथे साधे, न रंगवलेले लाकूड बसवावे आणि त्याला स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपडी लाखेचे पॉलिश करावे, ते खर्चातही परवडते. रंग विकत घेताना डब्यावर शिशाचे प्रमाण पाहावे. यंत्रांचे आणि वाहनांचे औद्योगिक रंग घरगुती रंगांच्या नियमात येत नाहीत, म्हणून एखाद्या वर्कशॉपमधून उरलेला डबा फुकट मिळाला, तरी तो बाळाच्या फर्निचरला लावू नये.