दुष्काळ, टंचाई आणि ‘सदृश’: मराठवाड्यातल्या एका शब्दाची पार्श्वभूमी

सप्टेंबर उजाडला की पारावर एकच विचारणा असते, आणेवारी किती लागली? आणेवारी म्हणजे भरघोस पिकाला सोळा आणे धरून यंदा किती पिकले याचा अंदाज. रुपयाचे सोळा आणे जाऊन साठ वर्षांहून जास्त काळ लोटला. सरकारी कागदावर तिची पैसेवारी झाली, तरी तोंडात शब्द जुनाच आहे. अलीकडे त्याच्या जोडीला ट्रिगर, म्हणजे दुष्काळ ठरवण्याची कसोटी, हा नवा शब्द बसला. या दोन शब्दांच्या मध्ये कुठेतरी ‘दुष्काळ’ हा शब्द अडकून पडला आहे.

आणेवारी जन्माला आली ती शेतसारा किती वसूल करायचा हे ठरवण्यासाठी. मुंबई इलाख्याच्या नियमांत पीक चार आण्यांच्या आत असेल तर सारा पूर्ण तहकूब, चार ते सहा आणे असेल तर निम्मा. गुजरातेतला १९१८ चा खेडा सत्याग्रह याच आकड्यावरून पेटला. शेतकऱ्यांच्या हिशेबात पीक चार आण्यांच्या खाली होते, सरकारच्या हिशेबात वर. मराठवाडा तेव्हा निजामाकडे होता, पण पुढे तोही याच चौकटीत आला. वसुलीसाठी घडवलेले माप पुढे मदतीचे माप झाले, आणि बरीचशी गुंतागुंत तिथूनच सुरू होते.

खरा गुंता मात्र १९६३ चा आहे. त्या वर्षी राज्याने कायदा करून आपल्या सगळ्या कायद्यांमधून ‘फॅमिन’ हा शब्द काढला आणि त्या जागी ‘स्कॅर्सिटी’, म्हणजे टंचाई, हा शब्द घातला. सरकार पीकपाण्यावर सतत लक्ष ठेवून असते, वेळीच मदत देते, म्हणून राज्यात तशी परिस्थिती उद्भवायला वावच उरलेला नाही, अशी त्यामागची भूमिका होती. इंग्रजीत ‘फॅमिन’ म्हणजे अन्नावाचून माणसे मरणे आणि ‘ड्रॉट’ म्हणजे पाऊस न पडणे. मराठीत दोन्हींना दुष्काळच म्हणतात. इंग्रजी कायद्यातून ‘फॅमिन’ गेला, आणि मराठी दप्तरात ‘ड्रॉट’साठीचा शब्दही लिहायचा नाही अशी सवय लागली. अवघ्या नऊ वर्षांनी १९७२ आले. लाखो माणसे खडी फोडायला सरकारी कामांवर गेली. लोक त्याला बहात्तरचा दुष्काळ म्हणतात. फायलीत टंचाई निवारण होते. जिल्ह्यांतला कक्ष आजही टंचाई शाखाच म्हणवतो.

या शब्दाची किंमत २०१५-१६ मध्ये कळली. पैसेवारी ५० पैशांच्या आत आलेल्या १४,७०८ गावांत ऑक्टोबर २०१५ च्या शासन निर्णयाने ‘दुष्काळसदृश परिस्थिती’ जाहीर केली. सदृश म्हणजे काय? दुष्काळासारखे दिसते, पण दुष्काळ नाही? उच्च न्यायालयात हाच मुद्दा ताणला गेला. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला पोचली तेव्हाही कागदावर ‘सदृश’च होते. मे महिन्यात सरकारने न्यायालयाला सांगितले की, जिथे दुष्काळसदृश लिहिले आहे तिथे दुष्काळ असे वाचावे. तोवर गावांची संख्या २९ हजारांवर गेली होती. खरीप जाऊन रब्बी गेला, उन्हाळा संपत आला, तेव्हा शुद्धिपत्रक निघाले. ही दिरंगाई मला अक्षम्य वाटते.

त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने दुष्काळाची संहिता, म्हणजे तो कसा ठरवायचा याची नियमावली, वर्षाअखेर सुधारा, असे केंद्राला सांगितले. डिसेंबर २०१६ मध्ये नवी संहिता आली आणि राज्याने २०१७ मध्ये ती स्वीकारली. पहिला ट्रिगर पावसाचा: हंगामातली तूट किंवा सलग तीन-चार आठवड्यांचा खंड. दुसऱ्यात पेरणीक्षेत्र, जमिनीतला ओलावा, धरणे व भूजल, आणि उपग्रहाला दिसणारी पिकांची हिरवाई. शेवटी १० टक्के गावांत प्रत्यक्ष पाहणी. ऑक्टोबर २०१८ मध्ये या पद्धतीने १५१ तालुके दुष्काळी ठरले, त्यांतले ११२ गंभीर.

पैसेवारीत दोष होतेच. अंतिम आकडा मराठवाड्यात १५ डिसेंबरला येतो, तोवर सोयाबीनचे भुसकटही जागेवर राहिलेले नसते. पण तिथे निदान कोणीतरी शेतात उतरते. तलाठी, कृषी सहायक आणि गावातली चार माणसे दोरी लावून चौकोन आखतात, तेवढेच पीक कापून मळतात, वजन करतात. शेंग हिरवी दिसते, दाबली की आत दाणा नाही, हे बोटांना कळते. उपग्रहाला वरून फक्त हिरवे दिसते. शिवाय एकाच तालुक्यात नदीकाठी ऊस आणि माळावर करपलेले सोयाबीन असेल, तर सरासरीत माळाचे दुःख उसाच्या पाचटात झाकले जाते.

ऑगस्ट २०२३ जवळजवळ कोरडा गेला. ३१ ऑक्टोबरच्या दुष्काळी यादीत राज्यातले ४० तालुके आले. लातूर जिल्ह्यातले एकटे रेणापूर, आणि परभणी, हिंगोली, नांदेड पूर्ण बाहेर. ओरड झाल्यावर दहा दिवसांत हजाराहून अधिक महसूल मंडळे, म्हणजे तालुक्याहून लहान भाग, जाहीर झाले, तेही पुन्हा ‘दुष्काळसदृश’. साऱ्यात सूट, कर्जाचे पुनर्गठन, कृषिपंपाच्या चालू बिलात ३३.५ टक्के सवलत, परीक्षा शुल्क माफी, सवलती त्याच. पण केंद्राच्या संहितेत ‘सदृश’ नावाचा वर्गच नाही, त्यामुळे केंद्राकडे मागणी गेली ती ४० तालुक्यांपुरती. पीकविम्याचे माप आणखी निराळे. तिथे मंडळाचे उंबरठा उत्पन्न, म्हणजे मागच्या वर्षांच्या सरासरीवरून ठरवलेले उत्पन्न, बघतात, आणि २०२५ पूर्वी अपेक्षित उत्पादन त्याच्या निम्म्याखाली गेले तर भरपाईचा २५ टक्के अग्रिम मिळे. नैसर्गिक आपत्तीच्या मदतीला २०१५ पासून ३३ टक्के नुकसानीची अट. म्हणजे एकाच बांधावर ५० पैसे, ३३ टक्के, उंबरठा आणि ट्रिगर अशी चार मापे लागतात, आणि एका मापात बसलेला शेतकरी दुसऱ्यात बसेलच असे नाही.

२०२५ च्या सप्टेंबरात याच मराठवाड्यात अतिवृष्टीने माती खरवडून नेली. मागणी ओल्या दुष्काळाची झाली. संहितेत तसा शब्द नाही, असे सरकारचे उत्तर आले. दुष्काळातल्या सवलती मात्र लागू होतील, असेही सांगण्यात आले.