घरगुती बिअरची लहान बॅच

घरगुती बिअरची लहान बॅच : घरी बिअर करण्याच्या कृती बहुधा १९ ते २३ लिटरसाठी लिहिलेल्या असतात. त्या ३ ते ५ लिटरवर आणताना माल्ट (मोड आणून वाळवलेले जव), हॉप्स (कडवटपणा देणारी वेलीची फुले), पाणी, यीस्ट आणि बाटलीत भरताना घालायची साखर यांचा हिशोब नव्याने मांडावा लागतो. नवशिक्याला हा आकार सोयीचा पडतो. घरातले मोठे पातेले पुरते, वर्ट (म्हणजे माल्टची साखर उतरलेले गोड पाणी) लवकर निवते आणि बिअर बिघडलीच तर दहा-अकरा बाटल्याच ओतून द्याव्या लागतात. वेळ मात्र फारसा वाचत नाही. माल्ट भिजवायला तासभर आणि उकळीला तासभर लागतोच, भांडी निर्जंतुक करण्याचे कामही जवळपास तेवढेच राहते.

पहिली पायरी साध्या त्रैराशिकाची. हवे ते आकारमान भागिले मूळ आकारमान, हा गुणक. कृतीत ‘५ गॅलन’ एवढेच लिहिले असेल तर ती कुठली आहे ते आधी पाहावे. अमेरिकी ५ गॅलन म्हणजे १८.९ लिटर, ब्रिटिश ५ गॅलन म्हणजे २२.७ लिटर; एवढ्या फरकाने बिअर सरळ पातळ किंवा कडक होते. समजा १९ लिटरच्या कृतीत ४ किलो फिके माल्ट, ४०० ग्रॅम क्रिस्टल माल्ट (रंग आणि गोडसर चव देणारे भाजलेले माल्ट) आणि तासभर उकळायचे ३० ग्रॅम हॉप्स आहेत. ४ लिटरसाठी गुणक ०.२१ येतो, म्हणून फिके माल्ट सुमारे ८४० ग्रॅम, क्रिस्टल ८४ ग्रॅम आणि हॉप्स ६.३ ग्रॅम. इथपर्यंत गुणक चालतो.

पाण्याला तो चालत नाही, आणि लहान बॅच फसतात त्या बहुतेक इथेच. उकळताना किती पाणी आटेल हे पातेल्याच्या तोंडाच्या रुंदीवर आणि आचेवर ठरते, आत किती वर्ट आहे यावर नाही. १९ लिटरच्या बॅचमध्ये तासाला साडेतीन लिटर आटत असेल, तर लहान पातेल्यात पाऊण लिटरच आटेल असे गुणक सांगतो. प्रत्यक्षात दोन लिटर सहज जातात. म्हणून हिशोब उलटा, शेवटाकडून करावा. आंबवण्याच्या भांड्यात ४ लिटर हवे. पातेल्याच्या तळाशी गाळात अर्धा लिटर राहणार. दोन लिटर आटणार. भरडलेले माल्ट किलोला सुमारे ०.८ लिटर पाणी धरून ठेवते, म्हणजे आणखी पाऊण लिटर. एकूण सव्वासात लिटर. मूळ कृतीत २८ लिटर पाणी असेल तर गुणकाने जेमतेम ५.९ लिटर येते. तेवढ्यावर तासभर उकळी दिली की हाती पावणेतीन लिटरसुद्धा लागत नाही आणि १.०४९ ऐवजी १.०७०च्या आसपास घनतेचे (पाण्याची १.०००) दाट वर्ट मिळते. यावर उपाय आहे: उकळून घेतलेले पाणी घालून वर्ट ठरलेल्या आकारमानावर आणावे. साखर तेवढीच असल्याने घनता जागेवर येते. कडवटपणा थोडा कमी भरतो, कारण दाट वर्टमध्ये हॉप्सचा कडवटपणा कमी उतरतो. त्यापेक्षा आपल्याच पातेल्यात, आपल्याच आचेवर नुसते पाणी तासभर उकळून किती आटते ते एकदा मोजून ठेवणे बरे. कुठल्याही कोष्टकापेक्षा तो आकडा भरवशाचा.

हॉप्सच्या बाबतीत अडचण वजनकाट्याची असते. ३० ग्रॅममध्ये एक ग्रॅमची चूक झाली तर ती तीन टक्के, ६.३ ग्रॅममध्ये तीच सोळा टक्के, आणि जिभेला ती कळते. एका ग्रॅमच्या टप्प्याने मोजणारा स्वयंपाकघरातला काटा इथे उपयोगाचा नाही, ०.१ ग्रॅम दाखवणारा हवा. पाकिटावरचे अल्फा आम्लाचे (हॉप्समधल्या कडवटपणा देणाऱ्या घटकाचे) प्रमाण कृतीतल्यापेक्षा वेगळे असेल तर वजन त्यानुसार बदलावे: ६ टक्क्यांऐवजी ९ टक्के असेल तर ६.३ ग्रॅमचे ४.२ ग्रॅम.

यीस्टचा मामला उलटा, सुखाचा आहे. कोरड्या यीस्टचे ११ ग्रॅमचे पाकीट साधारण २० लिटरसाठी असते. ४ लिटरला हिशोबाने सव्वादोन ग्रॅम पुरते आणि तीन-चार ग्रॅम पडले तरी काही बिघडत नाही. कमी पडण्यापेक्षा थोडे जास्त बरे. उरलेले घट्ट बंद करून फ्रिजमध्ये ठेवावे आणि लवकर वापरावे. थंड तापमानाला आंबणाऱ्या लागर बिअरला एलच्या (जरा उबेत आंबणाऱ्या बिअरच्या) साधारण दुप्पट यीस्ट लागते, म्हणून मोठ्या बॅचसाठी ते आधी वाढवून घ्यावे लागते. लहान बॅचला मात्र द्रव यीस्टचे एक ताजे पाकीट तसेच पुरते.

थोड्या वर्टची उष्णता लवकर जाते. माल्ट भिजवताना ६५ ते ६८ अंश सेल्सियस तापमान तासभर टिकायला हवे, पण लहान पातेले तेवढ्या वेळात बरेच उतरते. पातेले जाड ब्लँकेटमध्ये गुंडाळतात किंवा आधी कोमट करून बंद केलेल्या ओव्हनमध्ये ठेवतात. माल्ट कापडी पिशवीत घालून भिजवले की वेगळी चाळणीची टाकी लागत नाही, पिशवी उचलून निथळली की काम झाले. पुढे वर्ट निववताना हीच गोष्ट पथ्यावर पडते: बर्फाच्या पाण्यात पातेले ठेवले तरी भागते, वर्ट निववणारी तांब्याच्या नळीची गुंडाळी लागत नाही. आंबताना मात्र एवढीशी बिअर खोलीच्या तापमानामागे पटकन धावते, म्हणून भांडे पाण्याच्या घमेल्यात ठेवून चढउतार आवरतात.

आंबवायला ५ लिटरची बरणी योग्य, फेसाला जागा राहते. २५ लिटरच्या बादलीत ४ लिटर ओतले तर वर हवाच हवा, आणि आंबणे मंदावल्यावर तिच्यातला ऑक्सिजन चव घालवतो. हायड्रोमीटरने घनता पाहायला दर वेळी १०० मिलिलिटर किंवा अधिक काढावे लागते. चार लिटरमधून असे तीनदा काढले की एक बाटली गेली. म्हणून रोज झाकण उघडून पाहण्याचा मोह आवरावा. रिफ्रॅक्टोमीटरला (प्रकाशाच्या वाकण्यावरून साखर मोजणाऱ्या उपकरणाला) काही थेंब पुरतात, पण अल्कोहोल तयार झाल्यावर त्याच्या आकड्यात दुरुस्ती करावी लागते.

बाटलीत भरतानाची साखर ठरलेल्या ४ लिटरवर नव्हे, हातात प्रत्यक्ष असलेल्या बिअरवर मोजावी. २० अंशाला आंबलेल्या एलमध्ये मध्यम फेसासाठी लिटरला सुमारे ६ ग्रॅम साखर घालतात, म्हणजे ३३० मिलिलिटरच्या बाटलीला २ ग्रॅम. साका सोडून ३.७ लिटर बिअर मिळाली तर २२ ग्रॅम. तीच २४ ग्रॅम चार लिटरच्या भरवशावर काढली आणि बिअर २.७ लिटरच निघाली, तर लिटरला ९ ग्रॅम होते. झाकण काढताच बिअर उसळते आणि पातळ काचेची बाटली फुटूही शकते. साखर थोड्या पाण्यात उकळून, निववून सगळ्या बिअरमध्ये हलक्या हाताने मिसळली की प्रत्येक बाटलीत सारखी जाते.