हंगामात ओव्हरटाइमची नोंद: कोण पात्र, कोणते कागद, सॉफ्टवेअरमध्ये कसे भरायचे

एप्रिल-मे आला की रत्नागिरी-देवगडकडच्या कॅनिंग कारखान्यांत घड्याळ नावापुरतेच. पिकलेला हापूस सकाळपर्यंत थांबत नाही. गाडी रात्री नऊला आली तर पल्प रात्रीच काढावा लागतो. तासांचा घोळ तिथेच सुरू होतो आणि उघडा पडतो पगाराच्या दिवशी.

आधी पात्रता. कामगार कायम असो, हंगामी असो की कंत्राटदाराचा, आठवड्याच्या 48 तासांवर जे काम होईल त्याला दुप्पट दर. 1948 च्या कारखाने कायद्यात हेच होते आणि 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या कामगार संहितांतही दर दुप्पटच आहे. ओव्हरटाइमच्या तासांची दिवसाची आणि तिमाहीची मर्यादा मात्र कारखान्याला वेगळी, दुकान-हॉटेलला वेगळी, शिवाय बदलत आलेली. सॉफ्टवेअरमधला जुना आकडा डोळे झाकून ठेवू नका. व्यवस्थापकीय पदाला ओव्हरटाइम नसतो; पण नुसते 'सुपरवायझर' लिहून भागत नाही, प्रत्यक्ष काम काय ते बघतात.

कागद लागतात ते असे: दर लिहिलेले नेमणूकपत्र, पाळ्यांचे वेळापत्रक, हजेरीपट किंवा बायोमेट्रिकचा रिपोर्ट आणि ओव्हरटाइमची चिठ्ठी. माझ्या मते खरा कागद ही चिठ्ठीच. कोण, किती वाजेपर्यंत, कशासाठी थांबले, खाली कामगाराची आणि थांबवणाऱ्याची सही, त्याच दिवशी. मुकादमाने महिनाअखेरीस आठवून केलेली बेरीज म्हणजे नोंद नव्हे. वळवाच्या पावसात वीज गेली की मशीनही मुके होते, म्हणून फाटकावर कागदी रजिस्टर हवेच.

टॅलीप्राइम या हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये आधी तासांचे युनिट करा, मग 'ओव्हरटाइम' हा प्रॉडक्शन प्रकार, मग 'ऑन प्रॉडक्शन' हिशोबाचा स्वतंत्र पे हेड, म्हणजे पगारातले वेगळे खाते. कामगाराच्या सॅलरी डिटेल्समध्ये ताशी दर टाका; तास अटेंडन्स व्हाउचरमध्ये भरा. हेड स्वतंत्र नसेल तर रक्कम मूळ पगारात मिसळते आणि तिच्यावरही पीएफ कापला जातो.

आठ तासांची रोजी 600 रुपये असेल तर तासाला 75, ओव्हरटाइमचे 150. रोजीत महागाई भत्ता धरलेला असावा.

आता हमखास होणारी चूक. अडीच तास म्हणजे 2.5, चिठ्ठीवर 2.30 असते म्हणून तसेच टाइप होते. वीस दिवस असे भरले की चार तास गेले, म्हणजे 600 रुपये. एक अख्खी रोजी! दुसरी चूक रात्रपाळीची. बारानंतरचा आउट पंच, म्हणजे बाहेर पडतानाची नोंद, दुसऱ्या तारखेत पडते आणि दोन्ही दिवस अर्धवट दिसतात. पाळी ज्या तारखेला सुरू झाली, तीच तारीख धरायची असे सेटिंग करून घ्या.

पगारपत्रक काढण्याआधी दोन दिवस तासांची यादी फलकावर लावा. आंबा सोलणाऱ्या बायका आपले तास तोंडपाठ सांगतात. शेवटची एसटी कोणत्या रात्री चुकली हे त्यांना पक्के ठाऊक असते. दुरुस्ती झाली की चिठ्ठीची प्रत व्हाउचरच्या प्रिंटला जोडा आणि पुढच्या महिन्याच्या 7 तारखेच्या आत पगार द्या.