ए की एफ? विमानातल्या दोन खिडक्या आणि एक ऊन

वेब चेक-इनला दोन्ही बाजूंच्या खिडक्या मोकळ्या असतात, जादा पैसेही सारखेच पडतात, म्हणून हाताला येईल ती सीट दाबली जाते. ए आणि एफ दिसायला जुळ्या बहिणी. पण त्याच विमानात एकीवर दोन तास उन्हाची तिरीप पडते आणि दुसरीवर निवांत सावली असते.

आधी डावं-उजवं नक्की करू, कारण बहुतेक घोळ तिथेच होतो. एअरबस ए३२० किंवा बोइंग ७३७मध्ये एका रांगेत सहा सीटा: ए बी सी, मधली वाट, मग डी ई एफ. विमानाच्या नाकाकडे तोंड केलं की ए डाव्या हाताला, एफ उजव्या. मात्र पुढच्या दाराने आत शिरलं की आपण शेपटीकडे तोंड करून चालत जातो, आणि ए उजव्या हाताला लागते. त्यामुळे ‘मागच्या वेळी उजवीकडे बसलो, मस्त सावली होती’ ही आठवण कामाची नाही. अक्षर लक्षात ठेवायचं. मोठ्या विमानांतही डावी खिडकी ‘ए’ हीच असते, पण उजवी बहुधा के किंवा एल.

आता ऊन. मुंबईहून दिल्ली म्हणजे उत्तरेला, किंचित पूर्वेकडे कललेली दिशा. डावी खिडकी पश्चिमेला, उजवी पूर्वेला. सकाळी सातच्या विमानात एफवर ऊन थेट तोंडावर येतं, ए सावलीत. संध्याकाळी पाचला नेमकं उलट. परतीला सगळं पुन्हा फिरतं: दिल्लीहून मुंबईला येताना सकाळचं ऊन एवर, संध्याकाळचं एफवर. ‘आपली नेहमीची सीट ए’ असं ठरवून टाकणारा माणूस सकाळी जाऊन दुसऱ्या सकाळी परतला, तर एकदा सावलीत बसतो आणि एकदा भाजतो.

पूर्व-पश्चिम प्रवासाचं गणित वेगळं. मुंबईहून नागपूर किंवा कोलकात्याला जाताना उजवी खिडकी दक्षिणेकडे असते. डिसेंबरात सूर्य दिवसभर दक्षिणेकडे झुकलेला. मुंबईत भर दुपारीसुद्धा तो क्षितिजापासून साधारण ४७ अंशांवरच असतो. म्हणजे जाताना दिवसभर एफवर ऊन, येताना एवर. मे महिन्यात हा नियम ढिला पडतो. मेच्या मध्यावर मुंबईत सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो आणि जुलैच्या शेवटापर्यंत उत्तरेकडून जातो. डोक्यावरचं ऊन विमानाच्या छतावर पडतं, खिडकीतून आत फारसं शिरत नाही. तेव्हा उन्हाळ्यातल्या दुपारच्या विमानात सावलीसाठी डोकं खाजवू नये. छळतं ते सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन.

हिशोब करताना विमान सुटण्याची वेळ धरू नका, प्रवासाच्या मधली वेळ धरा. आणि संध्याकाळी एक गोष्ट विसरली जाते: दहा-अकरा किलोमीटर उंचीवरून क्षितिज खाली गेलेलं असतं, त्यामुळे जमिनीवर सूर्य मावळल्यावरही दहा-पंधरा मिनिटं तो खिडकीत हजर असतो.

पुष्कळांना वाटतं की सावलीच्या बाजूला काही दिसत नाही, दृश्य हवं तर ऊन सोसावं लागतं. बहुतेक वेळा उलटच खरं असतं. उन्हाच्या बाजूला खिडकीच्या प्लॅस्टिकवरचा प्रत्येक ओरखडा चमकतो, खालचा प्रदेश धुरकट पांढरा दिसतो. सावलीच्या बाजूला सूर्य आपल्या पाठीशी असतो, म्हणून शेतांचे बांध, नद्यांची वळणं, डोंगरांच्या धारा स्पष्ट उमटतात. खाली ढगांचा थर असेल तर विमानाच्या सावलीभोवती रंगीत वर्तुळ दिसतं. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावरून दिसणारं इंद्रवज्र ते हेच, आणि ते फक्त सूर्याच्या विरुद्ध बाजूलाच दिसतं. उन्हाच्या खिडकीत त्याची वाट पाहत बसणं फुकट.

दिल्लीहून बागडोगरा किंवा काठमांडूला जाताना हिमालय डावीकडे, म्हणजे ए, परतताना एफ. हिवाळ्यात सावलीही तिकडेच, कारण बाजू उत्तरेची, आणि दक्षिणेचं ऊन बर्फावर समोरून पडलेलं. इतकं सरळ जमणारे मार्ग थोडेच.

मुंबई-गोव्याचा मार्ग मात्र पेचात टाकतो. जाताना समुद्र एफकडे, सह्याद्री एकडे. सकाळी एफ घ्यावी. सावलीही मिळते, किनाराही. संध्याकाळी समुद्राकडे बघायचं तर डोळ्यांवर ऊन घ्यावंच लागतं. सूर्यास्तासाठी ते सोसण्यासारखं आहे, पण खाड्या आणि किनाऱ्याची रेघ नीट बघायची असेल तर नाही. शिवाय गोव्याचा दाबोळी, तसंच पुण्याचा लोहगाव, हे संरक्षण दलाचे तळ आहेत. तिथे चढता-उतरताना फोटो काढू नयेत.

मुंबईच्या जुन्या विमानतळावर बहुतेक वेळा विमानं पूर्वेकडून, घाटकोपरवरून उतरतात. तेव्हा एफमधून पवई तलाव आणि राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर, एमधून चेंबूरपासून दक्षिणेकडची मुंबई. उडताना पश्चिमेला समुद्रावर जातात; एफखाली जुहू, एकडून मागे वळून पाहिलं तर वांद्रे-वरळी सागरी सेतू.

बाजू बरोबर निवडूनही घात करतो तो पंख. सीटच्या नकाशावर इमर्जन्सी एक्झिटच्या रांगा पाहा. ए३२०मध्ये त्या बरोबर पंखावर असतात. तिथे आणि पुढे-मागे चार-पाच रांगा खाली फक्त पत्रा दिसतो. पंखाच्या पुढे बसावं. मागून दृश्य मोकळं मिळतं, पण इंजिनाच्या गरम झोताने त्यातला काही भाग पाण्यातून पाहिल्यासारखा लहरतो. एटीआर या छोट्या, पंख्यांच्या विमानात पंख छताला असतो, म्हणून खालचं बरंचसं मोकळं दिसतं. मात्र बोइंग ७३७-८००मध्ये दहाव्या-अकराव्या रांगेच्या आसपास डावीकडे एखाद्या ‘खिडकीच्या’ सीटला खिडकीच नसते. तिथून वातानुकूलनाचा पाइप वर जातो. नकाशावर मात्र ती इतर खिडक्यांसारखीच दाखवलेली असते, आणि पैसेही तेवढेच लागतात.