सांध्यावरचा दणका

पुण्याहून कराडला जाणाऱ्या एसटीत मागच्या बाकावर बसलं की डोळे मिटूनही नद्या मोजता येतात. आधी नीरा, मग भुईंजची कृष्णा, साताऱ्याजवळ वेण्णा, पुढे उरमोडी, उंब्रजची तारळी, शेवटी कराडची कोयना. पुलावर चढताना एक दणका, उतरताना एक, आणि मध्ये ठरावीक अंतरानं धडधड. 'रस्ता खराब आहे' म्हणून आपण कूस बदलतो. पण तो आवाज रस्त्याचा नसतो, पुलाच्या सांध्याचा असतो.

सांधा ठेवावाच लागतो. ३० मीटर लांबीचा काँक्रीटचा गर्डर, म्हणजे पुलाचा रस्ता पेलणारी आडवी तुळई, ३० अंशांनी तापला तर साधारण एक सेंटिमीटर वाढतो. त्याला जागा दिली नाही तर तो स्वतःच तडकेल. म्हणून दोन गाळ्यांमध्ये (दोन खांबांमधला पुलाचा भाग म्हणजे गाळा) फट सोडतात आणि ती रबर-लोखंडाच्या पट्टीनं झाकतात. डांबर आणि पट्टी एका पातळीत आहेत तोवर ठीक. बोटभर खाच पडली की प्रत्येक चाक तिथे आपटतं. चालत्या गाडीचे हे हादरे हिशेबात धरूनच पूल बांधतात. आपल्याकडच्या पूलबांधणीच्या नियमावलीतलं एक सूत्र ९ मीटरच्या काँक्रीट गाळ्यासाठी वजनात ३० टक्के वाढ धरायला सांगतं, २४ मीटरसाठी १५ टक्के. म्हणजे गाळा लहान तितका हादरा मोठा. खचलेल्या सांध्याच्या कडेला बसणारा मार याच्याही वर जाऊ शकतो.

आता वजनाचं. एकोणिसाव्या शतकात रेल्वेचे आस, म्हणजे दोन बाजूंची चाकं जोडणारे दांडे, अचानक तुटू लागले, तेव्हा जर्मन अभियंता ऑगस्ट व्होलर यानं त्याचा छडा लावला. एका दमात सहज पेलेल इतकं वजनही लाखो वेळा आलं-गेलं तर पोलाद थकतं. पुलाचंही तेच होतं, आणि यात गाड्यांच्या संख्येपेक्षा एकेका आसावरचं वजन महत्त्वाचं ठरतं. पोलादी जोडाची झीज ताणाच्या साधारण तिसऱ्या घातानं वाढते. डांबरी रस्त्याची चौथ्या घातानं. अमेरिकेत १९५८ ते १९६० या काळात मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवर ट्रक फिरवून हे तपासलं गेलं. म्हणजे दहा टनांच्या आसावर बारा टन लादले की भार वाढतो वीस टक्के, पण रस्त्याची झीज होते दुप्पट. उलट एका मर्यादेखालचे ताण पोलादाला जवळजवळ जाणवतच नाहीत. सुट्टीत महाबळेश्वरला निघालेल्या मोटारींची रांग पाहून पुलाची काळजी करायचं कारण नाही, ती ट्रकांची करावी.

२०१८ मध्ये केंद्र सरकारनं चार टायरच्या एका आसाची मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टन केली. वाढ तेरा टक्क्यांच्या आसपास, पण वरचा चौथा घात लावला तर रस्त्याची झीज साधारण १.६ पट. आणि हे नियम पाळणाऱ्यांचं झालं. गळीत हंगामात एका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या डुलत निघतात. कारखान्याच्या काट्यावर त्या उसाचा किलोकिलोनं हिशेब होतो. वाटेतल्या पुलांना मात्र तो आकडा कुणी कळवत नाही.

एक वजन तर हलतच नाही, आणि ते आपणच टाकलेलं असतं. रस्ता गुळगुळीत करायचा म्हणून दर काही वर्षांनी पुलावरही जुन्यावर नवा डांबराचा थर चढतो. पाच सेंटिमीटरचा थर म्हणजे चौरस मीटरला सुमारे ११५ किलो. ३० मीटर लांब, १० मीटर रुंद गाळ्यावर हे होतात ३४ टन. भरलेला मोठा ट्रक पुलावर आणून उभा करावा आणि किल्ली नदीत टाकावी, तसला हा प्रकार. जुना थर खरवडून मगच नवा टाकणं, यात खरं तर अवघड काही नाही.

वाहतूक कोंडीत पूल ट्रकांनी भरून उभा राहतो, ते लांब गाळ्याला जड जातं. आखूड गाळ्याला कोंडीपेक्षा वेगात आलेला एकच जड आस जास्त छळतो.

एवढं असूनही पूल पडतात ते बहुतेकदा पाण्यामुळे, पायाखालची माती वाहून गेल्यानं. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरातच गेला. पण रहदारी आणि पाणी यांची हातमिळवणीही असते, आणि ती सांध्यावरच होते. दणके खाऊन पट्टीचं रबर फाटतं. पावसाचं पाणी, चिखल खाली खांबाच्या माथ्यावर साचतो. तिथे गर्डरखाली बेअरिंग असतं, पुष्कळ पुलांत पोलादी पत्रे घातलेली रबराची गादी. ती झिजली किंवा अडकली की गर्डरला सरकता येत नाही आणि ताण काँक्रीटवर येतो. बारीक भेगा पडतात. पाणी आत शिरून सळई गंजते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो, म्हणून काँक्रीटचे पापुद्रे सुटतात. तपासणीला आलेला माणूस हातोडीनं ठोकत जातो. आवाज पोकळ आला की तिथे खडूनं खूण करतो.

बेअरिंग बदलायचं तर वाहतूक थांबवून जॅकनं अख्खा गाळा काही मिलिमीटर उचलावा लागतो. सांध्याची पट्टी बदलणं त्यामानानं किरकोळ काम. ते लांबलंय का, हे नदीपात्रात उतरलं तर खालूनही दिसतं. खांबाच्या माथ्यावरून तपकिरी ओघळ आलेले असतात, आणि पाऊस थांबून तास झाला तरी तेवढ्याच जागी टिपटिप चालू असते.