हेमार्केट प्रकरण

हेमार्केट प्रकरण : अमेरिकेतील शिकागो शहरात ४ मे १८८६ च्या रात्री कामगारांच्या सभेत झालेला बाँबस्फोट, त्यामागोमागचा गोळीबार व त्यावरून आठ अराजकवाद्यांवर चाललेला खटला. १ मे या आंतरराष्ट्रीय कामगार दिनाचे मूळ सामान्यतः या घटनेत सांगितले जाते. तो संबंध खरा आहे, पण सरळ नाही.

१ मे १८८६ पासून कामाचा दिवस आठ तासांचा धरावा, असा ठराव अमेरिकी कामगार संघटनांच्या महासंघाने १८८४ मध्ये शिकागो येथेच केला होता. नवे करार व घरभाडी १ मेपासून सुरू करण्याची तेथे अनेक ठिकाणी रीत होती. तारीख त्यावरून ठरली असावी. त्या दिवशी देशभरात संपावर गेलेल्या कामगारांची संख्या तीन ते पाच लाखांच्या दरम्यान सांगतात. ३ मे रोजी शिकागोत मॅकॉर्मिक यांच्या कापणीयंत्रांच्या कारखान्याबाहेर पोलिसांनी गोळीबार केला. सहा कामगार मेल्याची बातमी तेव्हा पसरली. दोन हा आकडा अधिक ग्राह्य मानला जातो. जवळच भाषण करीत असलेले अराजकवादी ऑगस्ट स्पीस (पुढे खटल्यातील एक आरोपी) यांनी संतापून पत्रक काढले. त्यावरील ‘सूड’ हा मथळा आपला नसून छापखान्यात खिळे जुळविणाऱ्याने घातला, असे त्यांनी पुढे सांगितले.

दुसऱ्या दिवशी निषेधसभा हेमार्केट चौकालगतच्या डेस्प्लेन्स रस्त्यावर एका मालगाड्यावरून झाली. महापौर कार्टर हॅरिसन स्वतः काही वेळ ऐकून, सभा शांततेत चालल्याची खात्री करून परतले. आभाळ भरून आल्याने गर्दीही पांगू लागली होती. साडेदहाच्या सुमारास पोलीस अधिकारी जॉन बॉनफील्ड यांच्या हुकुमावरून सुमारे पावणेदोनशे पोलीस चालून आले. सभा मोडण्याचा आदेश दिला जात असतानाच त्यांच्या रांगांत बाँब पडला. मथायस डीगन हा शिपाई लगेच मेला. एकंदर सात पोलीस मरण पावले. काही याद्यांत पुढे जखमांनी वारलेला आठवा शिपाईही धरतात. त्यांतील किती जण अंधारात पोलिसांच्याच गोळ्यांनी जखमी झाले, याविषयी एकमत नाही. सामान्य नागरिकांपैकी निदान चौघे मेले. त्यांची नोंद कोणी नीट ठेवली नाही.

बाँब कोणी टाकला, हा या प्रकरणातील मुख्य वाद. पोलिसांचा रोख रुडॉल्फ श्नाउबेल्ट याच्यावर होता; तो आरोपी मायकेल श्वाब यांचा मेहुणा. त्याला पकडून सोडून देण्यात आले व नंतर तो देशाबाहेर गेला. हे पोलिसांच्या हस्तकाचे कृत्य होते, असे अनेक अराजकवादी मानत. त्याला भक्कम आधार मिळालेला नाही. पुढे आरोपींना माफी देणारे इलिनॉय राज्याचे गव्हर्नर जॉन पीटर आल्टगेल्ड यांना पोलिसी मारहाणीचा वैयक्तिक सूड अधिक संभवनीय वाटला. इतिहासकार पॉल एव्हरिच यांनी जॉर्ज मेंग या जर्मन अराजकवाद्याचे नाव पुढे आणले. पण त्याचा आधार कौटुंबिक आठवणींचा आहे. इतिहासकार टिमथी मेसर-क्रूस यांनी २०११ नंतर मूळ साक्षींकडे पुन्हा लक्ष वेधले. आरोपी लुइस लिंग्ग शिशाचे दोन अर्धगोल ओतून, ते बोल्ट व नटाने जोडून, आत डायनामाइट भरून बाँब बनवीत असे. डीगनच्या शरीरातून निघालेल्या तुकड्यांत शिशाबरोबर कथील होते आणि लिंग्गच्या बाँबांतही ते आढळल्याची साक्ष रसायनतज्ज्ञांनी दिली होती. हा पुरावा यापूर्वीच्या लेखनात उपेक्षित राहिला, ही तक्रार रास्त आहे. परंतु बाँब लिंग्गने घडविला असे मानले, तरी तो फेकणारा हात कोणाचा, हे त्यातून कळत नाही; उरलेल्या सात जणांचा दोष तर मुळीच सिद्ध होत नाही.

खटला २१ जून १८८६ रोजी न्यायाधीश जोसेफ गॅरी यांच्यापुढे सुरू झाला. स्फोटाच्या वेळी आठ आरोपींपैकी सभास्थानी दोघेच होते : स्पीस व सॅम्युएल फील्डन. ऑस्कर नीबे सभेला आलेच नव्हते. अल्बर्ट पार्सन्स फरारी असूनही पहिल्याच दिवशी स्वतःहून न्यायालयात हजर झाले. लेखांतून वा भाषणांतून हिंसेला चिथावणी दिली व तिच्या प्रभावाने कोणी खून केला, तर खुनी अज्ञात असला तरी चिथावणी देणारे दोषी ठरतात, अशा आशयाचे मार्गदर्शन गॅरी यांनी ज्युरींना केले. खटल्याचे सारे ओझे या एका सूत्रावर आहे. २० ऑगस्टच्या निर्णयाने नीबे यांना १५ वर्षांची कैद व इतर सात जणांना देहान्ताची शिक्षा झाली. फील्डन व श्वाब यांची शिक्षा १० नोव्हेंबर १८८७ रोजी जन्मठेपेवर आली. त्याच दिवशी लिंग्गने कोठडीत स्फोटक तोंडात धरून जीव दिला. ११ नोव्हेंबरला स्पीस, पार्सन्स, अडॉल्फ फिशर व जॉर्ज एंगेल यांना फाशी देण्यात आली. २६ जून १८९३ रोजी गव्हर्नर आल्टगेल्ड यांनी जिवंत तिघांना माफी दिली. ती केवळ दयेपोटी नसून, ज्युरी पक्षपाताने निवडले गेले व गुन्हा शाबीत झाला नाही, असे त्यांनी सविस्तर लिहिले.

स्मरणदिनांचा इतिहास गुंतागुंतीचा आहे. १८८९ च्या समाजवाद्यांच्या आंतरराष्ट्रीय पॅरिस परिषदेने १ मे १८९० हा निदर्शनांचा दिवस ठरविला, तो वर उल्लेखिलेल्या महासंघाची जागा घेणाऱ्या अमेरिकन फेडरेशन ऑफ लेबरने आधीच तीच तारीख निवडली होती म्हणून. ठरावात एवढेच कारण दिले आहे; हेमार्केटचा निर्देश नाही. फाशी गेलेल्यांची स्मृती त्या दिवसाला चळवळीने जोडली. त्यांचा खास स्मरणदिन ११ नोव्हेंबर हाच होता. अमेरिकेत मात्र १८९४ पासून सप्टेंबरचा पहिला सोमवार कामगार दिन आहे. हेमार्केटची आठवण टाळण्यासाठी तो निवडला, असे म्हणतात, पण न्यूयॉर्कमधील सप्टेंबरची मिरवणूक १८८२ ची, म्हणजे स्फोटापूर्वीची आहे. भारतात पहिला मे दिन १९२३ मध्ये कामगार पुढारी सिंगारवेलू चेट्टियार यांनी मद्रास येथे पाळला. १९६० पासून महाराष्ट्र दिनही त्याच तारखेला येतो.

फाशी गेलेल्यांचे स्मारक शिकागोजवळील वाल्डहाइम दफनभूमीत १८९३ मध्ये उभे राहिले. आपले मौन आज दाबल्या जाणाऱ्या आवाजांहून प्रबळ ठरेल, हे स्पीस यांचे अखेरचे उद्गार त्यावर कोरलेले आहेत. मेलेल्या पोलिसांच्या स्मरणार्थ हेमार्केटमध्ये उभारलेला पोलिसाचा पुतळा १८८९ चा. ४ मे १९२७ रोजी, स्फोटाच्या स्मृतिदिनीच, एक ट्रॅम रूळ सोडून त्यावर आदळली; १९६९ व १९७० मध्ये तो सुरुंगाने उडविण्यात आला. आता तो पोलीस मुख्यालयाजवळ आहे. सभेच्या जागी २००४ पासून मालगाड्यावर उभ्या वक्त्यांचे शिल्प आहे.